ग्रेहाउंड रेसिंगवाले मालक कुत्र्यांना नेमकं कसं वागवतात? (शेअर घेऊ की नको)

अमोल_सिडनी
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, विषय जरा आडवळणाचा आहे पण इथे प्राणीवाले लोक पुष्कळ आहेत आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडवालेही दिसतात म्हणून विचारतो.

ऑफिसात माझा एक सहकारी आहे, इथलाच, पन्नाशी उलटलेला, अत्यंत सज्जन माणूस. तो आणि त्याचे मित्र मिळून रेसिंगचं ग्रेहाउंड पाळतात, म्हणजे पाळतात असंही नाही, सिंडिकेट असतं. सगळ्यांनी मिळून पिल्लू घ्यायचं, ते ट्रेनरकडे राहणार, दर आठवड्याचा खर्च वाटून घ्यायचा आणि बक्षीस आलं की तेही वाटून घ्यायचं. त्यातला एकजण बाहेर पडतोय आणि त्याची जागा तू घे म्हणून हा माझ्या मागे लागलाय. पैसे फार नाहीत, दोघांच्या एका चांगल्या जेवणाइतके महिन्याला. शिवाय रेसच्या रात्री वेंटवर्थ पार्कला (इथला ग्रेहाउंड ट्रॅक) जाऊन बिअर वगैरे, सोशल लाइफ होईल म्हणतो. फोनमध्ये कुत्रीचे फोटो नातीचे दाखवावेत तसे दाखवतो.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली की अजिबात नाही, ते लोक कुत्री मारून टाकतात. आता या माणसाकडे बघून तसं वाटत नाही हो. मुंगी मारणार नाही असा आहे. तर खरं काय? हे मालक लोक कुत्र्यांशी वागतात कसे? कुणाला आतली माहिती असेल तर सांगा, नुसतं "जुगार वाईट" असं नको, ते मला माहीत आहे.

बोलघेवडा
एसआयपी बंद पडली का रे? आता चार पायांवर गुंतवणूक?

मेधा_ग्लीब
अमोल, मी वेंटवर्थ पार्कपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते आणि घरात रिटायर झालेली ग्रेहाउंड आहे, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे तुझा सहकारी सज्जन असेल यात मला काही शंका नाही. बहुतेक मालक असेच असतात. पण मालक आणि कुत्रं एकत्र राहतच नाहीत ना. कुत्रं ट्रेनरच्या केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या खुराड्यांत, शहराबाहेर दीड-दोन तासांवर, आणि मालक भेटतो ते रेसच्या रात्री कुंपणापलीकडून नाहीतर जिंकल्यावर फोटोत. त्यामुळे "मालक कसे वागवतात" या प्रश्नाला उत्तर असं की रोजचं वागवणं मालकाच्या हातात नसतंच, ते ट्रेनरच्या हातात. मालकाच्या हातात एकच निर्णय असतो, कुत्रं हळू निघालं किंवा मोडलं तर त्याचं पुढे काय करायचं. आणि नेमका तोच निर्णय पुष्कळ मालक ट्रेनरवर सोडून मोकळे होतात.

आता तुझी बायको जे म्हणते ते तिने हवेतून आणलेलं नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये एबीसी वाहिनीच्या फोर कॉर्नर्स या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाने लपवलेल्या कॅमेऱ्यांचं फुटेज दाखवलं, क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया तिन्हीकडचं. ट्रेनिंग ट्रॅकवर जिवंत ससे, पॉसम, डुकराची पिल्लं फिरत्या यंत्राला बांधून कुत्र्यांना त्यांच्यामागे सोडत होते. हे तेव्हाही बेकायदेशीरच होतं हां. मग आपल्या न्यू साउथ वेल्स राज्याने मॅकह्यू नावाच्या निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमला, त्यांचा रिपोर्ट २०१६ ला आला. त्यात होतं की आधीच्या १२ वर्षांत सुमारे ४८ हजार ते ६८ हजार कुत्री फक्त वेगात कमी पडली म्हणून मारली गेली असावीत. आजारी नाही, म्हातारी नाही, चावरी नाही. फक्त स्लो.

प्रीमियर (म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री) माइक बेअर्ड यांनी जुलै २०१६ मध्ये बंदी जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये मागे घेतली!! रेडिओवाले, टॅब्लॉइड, गावाकडचे नेते सगळे तुटून पडले होते. तरी पुढच्याच महिन्यात ऑरेंजची पोटनिवडणूक नॅशनल्स (सरकारमधला गावाकडचा पक्ष) हरलेच. तेव्हापासून इथल्या एकाही मोठ्या पुढाऱ्याची परत हात लावायची छाती होत नाही. कॅनबेरावाल्यांनी मात्र २०१८ ला बंद करून टाकलं.

जेवायला वाढते, मग येते परत.

अमोल_सिडनी
बाप रे. पण हे दहा वर्षांपूर्वीचं झालं ना, आता नियम बदलले असतील? तो म्हणतो आता सगळं ट्रॅक होतं, चिप असते, कुत्रं जन्मल्यापासून रजिस्टर, मारायचं झालं तर आधी दत्तक द्यायचा प्रयत्न केल्याचं दाखवावं लागतं.

नाना_बेंडिगो
बरोबर सांगतोय तुझा मित्र. मी व्हिक्टोरियात आहे, बेंडिगोजवळ, आणि शेजारी पक्का ग्रेहाउंडवाला आहे, बाप-आजापासून. रोज बघतो म्हणून सांगतो, शहरातल्या लोकांना यातलं काही कळत नाही आणि टीव्ही बघून बोलतात.

हा माणूस पहाटे पाचला उठतो. कुत्र्यांना फिरवून आणतो, मग एकेकाला टेबलावर घेऊन मालिश, पायाची बोटं एकेक उघडून बघणार, नख, पंजा, स्नायू चाचपणार. हिवाळ्यात प्रत्येकाला कोट. जेवणात कच्चा खिमा, पास्ता, भाज्या, वर सप्लिमेंट. आमच्या घरी मला कुणी इतकं विचारत नाही. एक कुत्री लंगडली तर हा गडी रात्री तीन तास गाडी हाकून स्नायूंच्या स्पेशालिस्टकडे घेऊन गेला, बायकोच्या दाढेला एवढी घाई केली नव्हती.

आणि तुम्ही शहरातले लोक काय करता? लॅब्राडोर घ्यायचा, दिवसभर अपार्टमेंटमध्ये कोंडायचा, उरलेली पोळी घालून ढोल करायचा, आणि वर आम्ही प्राणीप्रेमी. ग्रेहाउंडला पळायला आवडतं, त्यासाठीच बनलंय ते. पुण्यात आणि महालक्ष्मीला घोडे पळवता तेव्हा कुठे जातं प्राणिप्रेम? तिथे नटूनथटून हॅट घालून जातात.

दोनचार हरामखोर सगळीकडे असतात. २०१५ ला जे पकडले गेले त्यांना आयुष्यभरासाठी काढलं, चांगलंच केलं.

सोनचाफा
नानांची दाढ आवडली 😀 पण घोड्यांचा मुद्दा खरंच विचार करण्यासारखा आहे.

मेधा_ग्लीब
नाना, तुमच्या शेजाऱ्याबद्दल तुम्ही सांगता ते मला पूर्ण पटतं. माझी कुत्री ज्यांच्याकडून आली त्या ट्रेनरबाई तिला सोडताना ढसाढसा रडल्या होत्या, अजून नाताळला तिचा फोटो मागतात. पण मालिश आणि खिमा हा तर धंद्याचाच भाग झाला की हो, पळणाऱ्या कुत्र्याचा पाय कोण सांभाळणार नाही? माझा प्रश्न जे पळत नाही त्याचा आहे. एका वेतात सात-आठ पिल्लं. त्यातली सगळी काही ट्रॅकपर्यंत पोचत नाहीत, काहींना पाठलागच करायचा नसतो, काही शेजारच्या कुत्र्याशी खेळत बसतात (माझी त्यातलीच, रेकॉर्ड बघितलं तर हसू येतं). साधारण दीड वर्षाचं झालं की रेस सुरू, चार-साडेचार वर्षांचं झालं की संपलं. आणि आयुष्य किती, तर बारा-तेरा वर्षं. म्हणजे उरलेली आठ वर्षं त्या कुत्र्याला सोफा कोण देणार? तुमच्या शेजाऱ्याच्या आवारात आत्ता किती निवृत्त कुत्री आहेत, सांगा बरं?

अमोल, नियमांबद्दल. हो, २०१६ नंतर वेगळं वेल्फेअर कमिशन झालं, चिप, जन्मापासून नोंद, हे सगळं आलं. दत्तक कार्यक्रम वाढले. २०१९ पासून तर घरच्या ग्रेहाउंडला बाहेर मझल (तोंडाची जाळी) घालायची सक्तीही गेली. पण २०२४ मध्ये रेसिंगच्या संस्थेच्याच चीफ व्हेटने (प्राण्यांच्या डॉक्टरने) नोकरी सोडताना लिहून ठेवलेला रिपोर्ट बाहेर आला, त्यात जखमा, केनेल, दत्तकाचे आकडे सगळ्यावर गंभीर आरोप होते, सीईओंना राजीनामा द्यावा लागला आणि सरकारने परत चौकशी लावली. तेव्हा "आता सगळं छान आहे" असं कुणी म्हणालं की मी जरा थांबून बघते.

डॉ_सुरभी
मी व्हेट आहे, आता पुण्यात, आधी काही वर्षं इंग्लंडमध्ये काम केलं तेव्हा ट्रॅकवरची कुत्री बरीच पाहिली. मला वागणुकीपेक्षा हाडांबद्दल बोलायचंय, कारण वाद मायेवर येऊन अडकतो आणि ट्रॅकचा आकार कुणी बघत नाही.

ग्रेहाउंड तासाला ६५-७० किलोमीटरच्या आसपास पळतं. माणूस धावपटू वळणावर वेग कमी करतो, ग्रेहाउंड करत नाही, त्याच वेगात वळतं, त्यामुळे पायांवरचा भार एकदम वाढतो. ट्रॅक घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे डावीकडे वळत राहायचं, आणि मागचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला. तिथे घोट्यात एक छोटं हाड असतं, तेच सारखं मोडतं. रेसिंगच्या कुत्र्यात उजव्या हॉकचं (म्हणजे त्या घोट्याचं) फ्रॅक्चर हे इतकं नेहमीचं आहे की एक्सरे बघूनच कळतं हे कुत्रं काय करत होतं. घरी पाळलेल्या कुत्र्यांत हे फ्रॅक्चर क्वचित दिसतं. शिवाय पहिल्या वळणावर सगळी एकदम आतल्या बाजूला घुसतात, धडकतात, पडतात. सिडनीच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या लोकांनी याच्यावर चांगला अभ्यास केला होता, त्यांचं म्हणणं साधं होतं की सरळ ट्रॅक करा आणि आठाऐवजी सहा कुत्री सोडा. इंग्लंड-आयर्लंडमध्ये सहाच सोडतात तरी वळणं आहेतच.

आता मुद्द्याचं. हॉकचं फ्रॅक्चर बरं होतं! प्लेट, स्क्रू, प्लास्टर, काही आठवडे विश्रांती, आणि कुत्रं घरात आरामात हिंडू शकतं. पळू मात्र शकत नाही. म्हणजे एका बाजूला ऑपरेशनचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला परत एक पैसा न कमावणारं कुत्रं. तिथे मालकाला फोन लावला जातो. मी ते फोन लावलेत. काही मालक "जे लागेल ते करा डॉक्टर" म्हणाले, एक आजोबा तर पेन्शनमधून हप्ते भरत होते. आणि काही शांतपणे, अगदी नम्रपणे, "झोपवून टाका" म्हणाले. आवाजावरून कोण कुठलं निघेल ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. आता तुमच्याकडे आणि तिकडेही अशा उपचारांना पैसे देणाऱ्या स्कीम आल्यात, त्याने फरक पडलाय हे मान्य करायला हवं. इंग्लंडमध्ये २०२० पासून रजिस्टर करतानाच निवृत्तीचा बाँड असतो, सुरुवातीला ४०० पौंडांचा होता, अर्धे मालकाचे अर्धे रेसिंग बोर्डाचे, कुत्रं मान्यताप्राप्त केंद्रात गेलं की ते पैसे त्या केंद्राला मिळतात. चारशे पौंडात आठ वर्षं निघत नाहीत ही गोष्ट वेगळी.

बोलघेवडा
डॉक्टर, फोनवाला परिच्छेद वाचून गप्प झालो. जोक मागे घेतो.

गॉलवेकर
आयर्लंडमधून. (नाव गॉलवेवरून आहे, गालावर जाऊ नका.)

इकडे ग्रेहाउंड म्हणजे तुमच्याकडे ऊस तसं आहे, सरकार, शेतकरी, मतदारसंघ, सबसिडी सगळं एकमेकात गुंतलेलं. घोडे आणि ग्रेहाउंडसाठी सरकारचा एक वेगळा फंड आहे, त्यातले २० टक्के ग्रेहाउंडला, म्हणजे वर्षाला दोन कोटी युरोच्या आगेमागे. दरवर्षी डॉइलमध्ये (इथल्या संसदेत) त्यावर भांडण आणि दरवर्षी पास. इंग्लंडच्या ट्रॅकवर पळणारी बहुसंख्य कुत्री मुळात इथे जन्मलेली असतात, दोन्ही कानांत टॅटू असला की समजायचं आयरिश.

२०१९ च्या जूनमध्ये आरटीई या इथल्या सरकारी वाहिनीने एक डॉक्युमेंटरी दाखवली. त्यात बाहेर आलं की रेसिंग बोर्डाने स्वतःच पैसे देऊन करून घेतलेल्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, वर्षाला सुमारे ६ हजार कुत्री वेग कमी म्हणून मारली जातात. बोर्डाला माहीत होतं म्हणजे! स्पॉन्सर पळाले, मग कुत्र्यांच्या ट्रेसिंगची सिस्टिम आली, केअर सेंटर काढली.

पण मला सांगायचंय ते वेगळं. इथे खेड्यात माझ्या ओळखीचे ग्रेहाउंडवाले आहेत, त्यांच्याकडे कुत्रं मागच्या अंगणात असतं, मुलं त्याला फिरवतात, पोस्टमन, पाद्री, सगळ्यांचा त्यात पेनीचा वाटा. मिक द मिलर ऐकलंय का, १९२९ आणि १९३० ला ओळीने इंग्लिश डर्बी जिंकलेलं, ते मुळात आयर्लंडमधल्या एका पाद्रीबाबांचं कुत्रं. मेल्यावर पेंढा भरून म्युझियममध्ये ठेवलंय, इंग्लंडात ट्रिंगला आहे, बघून आलोय. एवढा मान. आणि त्याच गावात, त्याच पबमध्ये, हळू कुत्र्याचं काय झालं असं विचारलं की लोक ग्लासात बघायला लागतात. क्रूर लोक आहेत असं मी म्हणणार नाही. शेतकरी आहेत, जनावर म्हणजे कामाचं किंवा बिनकामाचं अशी विभागणी डोक्यात पक्की असते. आपल्याकडे भाकड गाईचं काय होतं ते आठवून बघा आणि मग बोला.

जतकर
गॉलवेकरांनी शेवटी बरोबर जागेवर बोट ठेवलं बघा.

मी सांगली जिल्ह्यातला, जत तालुका, कर्नाटक लागूनच. आमच्याकडं कारवानी कुत्री घरोघर, मुधोळ काय लांब नाही, घोरपडे सरकारांनी तिकडं जपलेली जात म्हणून मुधोळ हाउंड म्हणत्यात, कागदावर कॅरव्हान हाउंड. लांब केसाचं आसंल तर पश्मी. ग्रेहाउंडच्या नात्यातलंच दिसतंय अंगानं, लांब तोंड, आत गेलेलं पोट, बघितल्यावर माणसाला वाटतं उपाशी ठेवलंय.

जत्रंत श्वान शर्यती लागतात इकडं. बक्षीस कधी गदा, कधी रोख, कधी मोटारसायकल. मालक लोक कुत्र्याला अंडी, दूध, मटन घालत्यात, अंगाला तेल लावत्यात, स्वतः बाजल्यावर आणि कुत्रं पलंगावर असं बघितलंय मी. काही लोकांनी ग्रेहाउंड आणून क्रॉस पण केलेत, वेग वाढतो पण उन्हात टिकत न्हाई. आणि हे बी सांगतो, पाठलाग शिकवायला माळावर ससा सोडायचं काम चोरून चालतं, ते कायद्यानं गुन्हा हाय, वन्यजीव कायदा. फोर कॉर्नर्सचं वाचून मला काय नवल वाटलं न्हाई.

बैलगाडा शर्यतीचं बी असंच. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केली, २०२१ च्या डिसेंबरात परत सुरू, २०२३ ला घटनापीठानं कायदा मान्य केला. तेव्हा पण हाच वाद, मालक म्हणणार पोटच्या पोरावानी जपतो, दुसरं म्हणणार चाबूक कशाला मग. दोन्ही खरं आसतं. माझा चुलता बैलाला खरंच पोरावानी जपायचा, आणि बैल दमला की बाजार दाखवायचा. त्येला त्यात काय चुकतंय आसं वाटायचं न्हाई.

फरक एकच दिसतो मला. आमच्याकडं कुत्रं हरलं तर घरीच येतं, राखणीला बसतं, रानात कामाला येतं. पाचपन्नास कुत्री एका जागी पाळून धंदा करणारा आमच्या भागात न्हाई. आज तरी न्हाई.

सोनचाफा
वा जतकर! कारवानीवर वेगळा धागा काढा प्लीज.

नाना_बेंडिगो
मेधाताई, तुम्ही विचारलं म्हणून काल मुद्दाम जाऊन विचारलं. निवृत्त दोन आहेत त्याच्याकडे, म्हाताऱ्या, व्हरांड्यात पडलेल्या असतात. बाकीची "प्रोग्रॅमला दिली" म्हणाला. प्रोग्रॅमने सगळी घेतली का म्हटलं तर म्हणाला पूर्वीचं विचारू नकोस.

तरीही माझं मत बदललेलं नाही, तो माणूस वाईट नाही.

मेधा_ग्लीब
वाईट आहे असं मीही म्हणत नाहीये नाना. विचारून आलात आणि इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, बरेच जण विचारत नाहीत.

टाम्पावाली
फ्लोरिडा रिपोर्टिंग. आमच्याकडे एके काळी अमेरिकेतले सगळ्यात जास्त ट्रॅक होते, डर्बी लेन तर १९२५ पासून चालू. २०१८ च्या नोव्हेंबरला मतदान झालं, ६९ टक्के लोकांनी बंद करा म्हटलं आणि २०२० संपताना शेवटची रेस. आता अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात दोन ठिकाणी चालू आहे तेवढंच, तेही कसिनोच्या जोरावर.

इकडे मालकांचं वागणं हा मुद्दा प्रचारात फारसा नव्हताच, केनेलचा होता. एकावर एक दोन मजली पिंजरे, आणि कुत्रं दिवसातले वीस-वीस तास आत. माझ्या शेजारणीने बंद झाल्यावर एक घेतलं, ते पहिले काही दिवस दाराच्या चौकटीत उभं राहायचं, कुणी आत ये म्हणेपर्यंत यायचं नाही. आणि आरसा आणि काचेचं दार, देवा! धडकून नाक फोडून घेतलं.

मजा म्हणजे लोक घाबरवत होते की बंदी आली तर हजारो कुत्री मारतील. उलट दत्तक घ्यायला वेटिंग लिस्ट लागली. मकाऊमध्येही तसंच, २०१८ ला तिथला ट्रॅक कॅनिड्रोम बंद झाला तेव्हा कंपनी ५०० च्या वर कुत्री मागे सोडून गेली आणि तिथल्या प्राणीवाल्यांनी ती जगभर पाठवून घरं मिळवून दिली. ती कुत्री बहुतेक तुमच्या ऑस्ट्रेलियातून गेलेली बरं का. तिथून परत जिवंत येणं हा प्रकारच नव्हता पूर्वी.

किवी_काका
न्यूझीलंडमध्ये तर तेव्हाचे रेसिंगमंत्री विन्स्टन पीटर्स यांनी, जे स्वतः रेसिंगवाल्यांचे लाडके, त्यांनीच डिसेंबर २०२४ ला जाहीर केलं की बंद. ३१ जुलै २०२६ ही शेवटची तारीख ठरवली. त्याआधी काही वर्षांत तीन तीन रिव्ह्यू झाले, दर वेळी सुधारू म्हणाले. २,९०० च्या आसपास कुत्र्यांना घरं शोधायची म्हणाले तेव्हा. टास्मानियानेही २०२९ पर्यंत बंद करायचं ठरवलंय, वेल्सनेही २०२५ मध्ये बंदी जाहीर केली. अमोल, बुडत्या जहाजाचा शेअर घेतोयस बाबा, हे निव्वळ आर्थिक सल्ला म्हणून.

नाना_बेंडिगो
न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया बुडत नाहीत हो एवढ्यात. सट्ट्याचा पैसा किती आहे बघा जरा. दिवसभर रेस चालू असतात ते काय प्रेक्षकांसाठी? स्टँडमध्ये कुत्रं नसतं बघायला. फोनवर बेट लावणाऱ्यांना दर काही मिनिटांनी काहीतरी पाहिजे, म्हणून.

मेधा_ग्लीब
आता बोललात! म्हणूनच तर कुत्री इतकी जन्माला घालावी लागतात. रेस भरली पाहिजे ना.

अमोल_सिडनी
सगळ्यांना धन्यवाद, एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

डॉ. सुरभींचं वाचल्यावर मी ठरवलं की तत्त्वज्ञान बाजूला ठेवून सरळ त्यालाच विचारू. लंचला बसलो आणि विचारलं की आत्ताची ही कुत्री तुमची पहिली का. नाही म्हणाला, आधी अजून होत्या. नावं धडाधड सांगितली, कुणाचा रंग काय, कुणी कुठे कितव्या नंबरच्या ट्रॅपमधून (रेस सुटते त्या पेटीतून) काय केलं, डोळ्यात चमक. मग विचारलं, त्या आता कुठे असतात? एक त्याच्या बहिणीकडे आहे, तिचा फोटो लगेच दाखवला, सोफ्यावर चारी पाय वर करून झोपलेली. बाकीच्यांचं विचारलं तर म्हणाला "ट्रेनरने सोय केली." कुठे? "चांगली सोय करतो तो, खूप वर्षांचा अनुभव आहे." तू कधी विचारलंस का? तर जरा वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला की विचारलं तर त्याच्यावर विश्वास नाही असं वाटेल ना त्याला.

खोटं बोलत नव्हता तो, एवढं मला कळलं. त्याला खरंच माहीत नाही. आणि माहीत करून घ्यायचंही नाहीये. मी जर शेअर घेतला तर मीही दोन वर्षांनी असाच फोटो दाखवत बसलेला असेन आणि मलाही विचारायला जड जाईल, दहा जणांत वाटलेली जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही. तर नाही म्हटलं त्याला. थोडा नाराज झाला पण बोलतो अजून.

मी मात्र एक सांगून आलो की पुढची जी निवृत्त होईल तिचं काय ठरतंय ते मला सांग, आधी. बघू.

बायको आता वेगळ्याच ट्रॅकवर गेलीये. मेधाचं वाचून म्हणते आपणच एक आणू. टू बेडरूम युनिट आहे, दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि घरात मांजर आहे (म्हातारी, खडूस). जमेल का?

डॉ_सुरभी
युनिटमध्ये उत्तम जमतं, दिवसातले सतराअठरा तास झोपतात, लोकांचा यावर विश्वास बसत नाही. जिने शिकवावे लागतील, बहुतेकांनी आयुष्यात जिना पाहिलेला नसतो, सुरुवातीला एकेक पाय उचलून पायरीवर ठेवावा लागतो आणि ३० किलोचं धूड आहे हे लक्षात ठेवा. दात आधी तपासून घ्या, मऊ खाणं आणि केनेलमुळे दातांची बोंब असते.

आणि तुमच्या व्हेटला ग्रेहाउंडची सवय आहे का ते विचारा. यांच्या रक्ताचे नॉर्मल आकडे इतर कुत्र्यांपेक्षा वेगळे, लाल पेशी जास्त, क्रिएटिनिन थोडं वर, थायरॉइड खाली. माहीत नसलेला डॉक्टर उगाच थायरॉइडच्या गोळ्या चालू करतो. भूल देतानाही जपावं लागतं, अंगावर चरबी कमी आणि यकृतात काही औषधं हळू मोडतात म्हणून त्यांचा असर लवकर उतरत नाही. कातडी कागदासारखी, तारेला घासलं तरी टाके पडतात.

मेधा_ग्लीब
झोपेत असताना अंगाला हात लावू नका, आधी नावाने हाक मारा. केनेलमध्ये झोपेत कधी कुणी शिवलेलं नसतं, दचकून गुरगुरतात, डोळे उघडे ठेवून झोपतात त्यामुळे जागी आहे असं वाटतं. पट्टा साधा चालणार नाही, मान डोक्यापेक्षा जाड, मागे सरकली की सुटली. मार्टिंगेल म्हणून मिळतो तो घ्या. आणि कुंपण नसलेल्या जागी कधीही मोकळं सोडू नका, हाक ऐकायच्या आत ती पुढच्या सबर्बमध्ये असेल.

जतकर
मांजराचं काय पण? ते सांगा आधी.

मेधा_ग्लीब
मांजराची टेस्ट करूनच देतात. केंद्रात विचारायचं की कॅट सेफ कोण आहे, ते पट्ट्याला धरून मांजरासमोर नेऊन बघतात. बघून मान फिरवणारी घ्यायची, टक लावून थरथरणारी कितीही गोड असली तरी घ्यायची नाही. तरी पहिले काही आठवडे मझल आणि मधे बेबी गेट. माझी मैत्रीण दर रविवारी केंद्रावर व्हॉलंटिअर असते, तिचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. बायकोला घेऊन जा, मांजराला घरी ठेव.

अमोल_सिडनी
व्यनि मिळाला. या रविवारी पाऊस नसेल तर जातोय.

बोलघेवडा
पाऊस असला तरी जा रे. तिकडे छप्पर असतं.